गायकवाडकाका आणि मुक्या गाड्या

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा भला माणूस गाडीचा रिमोट हनुवटीला टेकवून आकाशाकडे बघत उभा दिसला, तर घाबरू नका. त्याला वेडबीड लागलेलं नाही. त्याच्यावर गायकवाडकाकांचे उपचार चालू आहेत.

"डोक्यातून सिग्नल लांब जातो," काका समजावतात. "डोक्यात काही असो, नसो. चेअरमनसाहेबांच्या डोक्यातूनसुद्धा गेला."

आम्ही चिंचवडचे. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर क्वालिटी डिपार्टमेंट सांभाळलं, आणि निवृत्तीनंतरही तिकडच्याच एका वर्कशॉपला 'जरा क्वालिटी बघायला' रोज जातात. घरी सुमनकाकू. शुगरनं काकूंचे डोळे गेले, तेव्हापासून त्या खाली उतरत नाहीत. दाराला आतून कडी घालून गॅलरीत बसलेल्या असतात. काका मात्र रविवारी दिवसभर पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालतात. कोणाचा रिमोट बिघडतोय याकडे डोळे लावून.

आणि रिमोट बिघडतातच हो! कोणाचा पँटसकट मशीनमध्ये धुऊन निघतो, कोणी सेल उलटा बसवतो, कोणी शेजारच्याच्या गाडीसमोर उभं राहून स्वतःच्या रिमोटला शिव्या घालतो. दुकानात गेलं तर पाच मिनिटांत काम होतं. पण काका दुकानात जाऊ देतील तर ना! त्यांच्या कंपनीत शिकवलं होतं म्हणे, की बिघाड दिसला की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं. कंपनीनं ते मशीनसाठी शिकवलं होतं. काकांनी ते माणसांना लावलं.

मी हिंजवडीला आयटीत आहे, म्हणून काका मला 'सॉफ्टवेअर' म्हणतात. एका सकाळी माझी गाडी उघडेना. काका हजरच.

"बोला सॉफ्टवेअर, रिमोट का चालत नाही?"

"सेल संपला असेल, काका."

"का संपला?"

"बटण सारखं दाबलं जात असेल."

"का?"

"खिशात दाटीवाटीनं असतो म्हणून."

"का?"

"पँट घट्ट होते हल्ली."

"का?"

काकांनी माझ्या पोटाकडे बघून मान डोलावली. "सापडलं मूळ कारण. सेल मी टाकतो, वडापाव तुम्ही सोडा." इकडे ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या नावानं हाका चालल्या होत्या आणि मी पार्किंगमध्ये माझ्या पोटाचं निदान ऐकत होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. काकांच्या हातून बरा झालेला रिमोट परत आला की गाडी उघडायची, बंद व्हायची, दिवेसुद्धा लागायचे, पण आवाज गायब! आधी ती कशी कुलूप लागताना 'पीं-पीं' करायची, तशी करेना. काका दुरुस्तीच्या नावाखाली दोन बटणं एकदम दाबून धरायचे आणि गाडीची वाचा बंद करून टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "दिवा लागतोय ना? मग आवाज कशाला? आवाज म्हणजे वेस्टेज." बघता बघता अख्खं पार्किंग मुकं झालं. फक्त एक गाडी सोडून. काकांची स्वतःची! ती रोज संध्याकाळी ऐटीत 'पीं-पीं' करायची.

"काय माणूस आहे बघा," आम्ही म्हणायचो. "लोकांचं वेस्टेज, आणि याचं संगीत!"

हे असंच चाललं असतं. पण आमचे चेअरमन लांडगेआप्पा भाचीच्या लग्नाला गेले आणि भडका उडाला. आप्पा मूळचे भोसरीचे, गाववाले. लग्न मोठ्या लॉनवर होतं, आणि हल्ली सगळ्या गावकीच्या गाड्या पांढऱ्याच. नवरीला द्यायचा दागिना आप्पांच्या गाडीत राहिला होता. आप्पा टळटळीत उन्हात रिमोट दाबत फिरले. उन्हात दिवे दिसेनात आणि गाडी 'पीं-पीं' करेना. शेवटी हनुवटीलाही लावून पाहिला. ते पाहून व्याह्यांनी चौकशी केली, "मामांची तब्येत बरी नाही का?" गाडी सापडेपर्यंत अक्षता पडून पंगती बसल्या होत्या.

रविवारी आप्पांनी सोसायटीची मीटिंग लावली.

"माजी गाडी मुकी केली राव यानी! समद्या पावन्यांत माजं हसं झालं. आता न्याय सारका पायजे. ज्याचा आवाज सुरू हाय, त्याचाबी बंद करायचा. आजच. घ्या हो त्यांचा रिमोट!"

एरवी पाच-पाच 'का' विचारणारे काका एकदम कावरेबावरे झाले. रिमोट मुठीत घट्ट धरून म्हणाले, "तुमच्या सगळ्यांचे आवाज मी आत्ता परत चालू करून देतो. माझा बंद करू नका. हात जोडतो."

मला चेव चढला. अशी संधी कोण सोडतो? माझ्या पोटाचा हिशेब बाकी होता. मी उठलो. "काका, नियम म्हणजे नियम. तुमच्या गाडीचा आवाज का चालू?"

लोक हसले. काका नाही हसले.

"मी आलो हे हिला कळावं म्हणून."

"का? बेल आहे की दाराला."

"बेल कोणीही वाजवतं. मागं एकदा वाजली, हिनं मला समजून दार उघडलं. 'हात धुवा, चहा टाकते,' म्हणाली. समोर कुरिअरवाला. तो काहीच बोलला नाही, पाकीट हातात देऊन गेला. तेव्हा कळलं हिला. त्या दिवसापासून बेलला दार उघडत नाही ती."

हसणं थांबलं होतं. मी बसायला हवं होतं, पण प्रश्न तोंडातून निघून गेला होता. "मग आमचे आवाज का बंद केलेत?"

"सगळ्या गाड्या एकसारख्याच ओरडतात हो. कोणाचीही वाजली की ही उठायची. टीपॉयला ठेचकाळत दारापर्यंत जायची, कडी काढून उभी राहायची. मी तिकडं चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ट्रकच्या मागं अडकलेला. घरी येऊन बघतो तर दार सताड उघडं आणि ही चौकट धरून उभी. पायाला रक्त."

"आरं द्येवा," आप्पा पुटपुटले. मग त्यांनीच विचारलं, अगदी हळू आवाजात, "आमाला सांगितलं का न्हाई, गायकवाड?"

"हिनं शपथ घातली होती. म्हणाली, आंधळी म्हणून माझ्यासाठी कोणी काही सोडायचं नाही. मग काय करणार? तुमचे रिमोट बिघडायची वाट बघत बसायचो."

मी खाली बसलो. आप्पांनी खुर्ची मागं सारली आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मीटिंग संपली. आन् ह्यातलं वर वयनींना कळता कामा न्हाई. कळलं का?"

दसऱ्याला आप्पांनी नवी गाडी आणली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. शोरूममधून येतानाच तिचा 'पीं-पीं' असा काही दणदणीत होता की पाव्हणे म्हणाले, "मामा, एकदा वाजवून तरी दाखवा!" आप्पांनी रिमोट खिशातून काढलासुद्धा नाही. काका कामावरून यायची वाट बघत ते पेढ्यांचा डबा घेऊन फाटकाशी उभे राहिले.

काकांची गाडी आत आली. ते उतरले तसा आप्पांनी नवा रिमोट त्यांच्या हातावर ठेवला. "आदी हिचं त्वांड बंद करा. मग पेढा."

काकांनी दोन्ही बटणं दाबून धरली. नवी गाडी दिवे मिचकावून गप्प झाली. मग त्यांनी स्वतःचा रिमोट काढला, आणि आम्ही सगळेच आपोआप बोलायचे थांबलो.

पीं-पीं.

काका जागचे हलले नाहीत. मान वर करून ऐकत राहिले. तिसऱ्या मजल्यावर कडी सरकल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला, दुसरा काकूंसाठी रुमालात गुंडाळला आणि जिना चढायला लागले.