बाळारामकाकांची नवी चाकं

रिक्षात बसण्याआधी बाळारामकाका वाकून तिची तिन्ही चाकं दाबून बघतात. कोपरीतले रिक्षावाले आता सरावलेत. काका वाकलेले असतानाच ते मीटर टाकतात.

आम्ही काकांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्यांच्या वाडवडिलांची इथे मिठागरं होती. आता इमारती आहेत, आणि खाली उभा असतो काकांचा पिकअप. पुढे पाच माणसांची केबिन, मागे ऐसपैस हौदा. त्या हौद्यात मी कधी कांद्याचं पोतंसुद्धा पाहिलेलं नाही.

चाकं दाबायची सवय मात्र जुनी नाही. शिळफाट्याजवळच्या खड्ड्यात पिकअप आदळला आणि मागच्या अलॉय व्हीलला चीर गेली, तेव्हापासूनची. त्याच आठवड्यात द्वारकाकाकी बाथरूममध्ये घसरल्या. पाठीचा मणका दबला, तीन महिने अंथरुणात. काकींनी स्वतःच मला तसं सांगितलेलं.

"संजू, कल्यानला येतंस? चाकं घ्यायची हायेत," एका सकाळी काका म्हणाले. चाकं घ्यायला कितीसा वेळ लागणार, म्हणून मी गेलो.

चार रविवार लागले.

दुकानदाराने आधी काळीभोर, चकाकणारी अठरा इंची चाकं काढली. "काका, गाडी एकदम हिरो दिसेल!"

"मना दिसायचा नको. धक्का सांग."

"वजन आरामात झेलेल."

"वजन कोन इचारतंय? धक्का सांग, धक्का!"

धक्का कसा सांगणार? दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

मधल्या दिवसांत काका मला कोर्टात, ऑफिसच्या वेळेत फोन करायचे. मी तिथे कारकून आहे. "संजू, नट ढिले झाले तर?" "संजू, परत चीर गेली तर?" आवाज असा, की साहेबांनी एकदा विचारलं, घरी कोणी सिरियस आहे का?

तिसऱ्या रविवारी काका घरून स्टीलचा पेला घेऊन आले. अठरा इंची चाकं बसवून घेतली, पेला पाण्याने काठोकाठ भरला, माझ्या हातात दिला आणि मला मागच्या सीटवर बसवलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला अर्धा पेला माझ्या पँटवर. काकांचा चेहरा पांढराफटक. "उतरव ही चाकं," एवढंच म्हणाले.

चौथ्या रविवारी सोळा इंची. चाक लहान, त्यावर रबर जाड. दुकानदार कुरकुरला, "एवढ्या मोठ्या गाडीला शोभत नाय काका." पण या वेळी पाणी जेमतेम मनगटावर आलं. काकांनी तोच रस्ता पाच वेळा घेतला. पाचव्यांदा उतरून पेल्यात डोकावले आणि म्हणाले, "हीच बसव."

परत येताना मी ओली बाही झटकत हसत होतो. "काका, मागे बसतं कोण एवढं नाजूक?"

काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुझी काकी बाथरूममदी नाय पडली. त्या दिवशी मागं बसलेली. गाडी मी चालवत होतो."

काकांनी गियर बदलला.

"पोरींना, शेजारापाजाराला, सगल्यांना तिनाच सांगितला, घसरले म्हनून. मना कोनी बोल लावू नये म्हनून. मना तर ती एक शब्द बोलली नाय रं. बोलली असती तर बरा झाला असता."

पुढच्या रविवारी काकी पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या. कल्याणला बहिणीकडे जायचं होतं. काकांनी त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. मागे मी, मांडीवर तीन उशा घेऊन. काकांनी मला कशाला घेतलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पिकअप बैलगाडीच्या वेगाने निघाला. मागचे हॉर्न मारून मारून दमले.

"अवो, जरा दाबा की," काकी म्हणाल्या. "बहीन जेवून झोपंल माझी."

"झोपू दे," काका म्हणाले.

पुढे स्पीडब्रेकर दिसला. काकांनी गाडी जवळजवळ थांबवली. डावा हात गियरवरून उचलला आणि काकींच्या पाठीमागे, सीटच्या आणि कमरेच्या मधे सरकवला. गाडी हळूच वर चढली, हळूच उतरली. हात तिथेच राहिला.

काकी खिडकीबाहेर बघत होत्या. काही कळलंच नाही असं दाखवत त्या किंचित मागे रेलल्या.