पाहून झालेलं दीपगृह

'सागरी वारसा दर्शन' ही एकदिवसीय सहल सकाळी ठीक सात वाजता सुटते, असं तिकिटावर छापलेलं आहे. त्या दिवशी आठ वाजले तरी बस जागची हलली नव्हती, कारण मार्गदर्शकाला आधी प्रवाशांचे अभिप्राय गोळा करायचे होते.

होय, आधीच. "परतीच्या वाटेवर लोक पेंगतात हो, खुणा भलत्याच रकान्यात करतात. सकाळी कसं, मन ताजं असतं," असं सांगत त्याने बेचाळीस छापील कागद वाटले. सात स्थळं, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने: 'उत्कृष्ट' आणि 'अतिउत्कृष्ट'.

"आणि नाही आवडलं तर?" मागून एकाने विचारलं.

मार्गदर्शक दुखावला. "साहेब, न आवडण्यासारखं असतं तर आम्ही सहलीत ठेवलं असतं का?"

मुद्दा बिनतोड होता. मी स्वतः तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालोय. तपासणीआधी तपासणीचा अहवाल तयार ठेवायची पद्धत मला काही नवी नाही. मी सातही ठिकाणी डोळे मिटून 'अतिउत्कृष्ट' केलं. आमच्या हिने मात्र किल्ल्यापुढे नुसतं 'उत्कृष्ट' केलं, कारण तिचे गुडघे दुखतात आणि किल्ल्याला पायऱ्या असणार, असा तिचा अंदाज होता.

अडल्या त्या एकट्या मावशी. पलीकडच्या रांगेत बसलेल्या या वयस्कर बाईंना सगळी बस तासाभरातच मावशी म्हणायला लागली होती. त्यांनी सहा खुणा केल्या आणि सातव्याला थांबल्या. सातवं स्थळ दीपगृह. मावशींचे यजमान तिथे दिवा सांभाळायचे, आणि पायथ्याच्या बैठ्या घरात मावशींनी एकोणीस वर्षं संसार केला होता. पुढच्या महिन्यात ते घर पाडून तिथे 'दीपगृह जीवनानुभव केंद्र' बांधायचं ठरलं होतं. एरवी तिथलं फाटक बंद असतं, आत फक्त अधिकृत सहलीची बस जाते. घर एकदा शेवटचं डोळ्यांनी पाहावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

"बघितल्याशिवाय कसं लिहू रे बाबा? कसं ठेवलंय कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

"मावशी, एक कागद जरी अपुरा राहिला तरी गाडी हलवायची नाही, असा नियम आहे."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तसे पंखेही थांबले. बसमधली माणुसकी साधारण चार मिनिटं टिकली. पाचव्या मिनिटाला "आता एका माणसासाठी सगळ्यांनी..." अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी मीच उठलो, मावशींच्या मांडीवरचा कागद उचलला आणि दीपगृहापुढे 'अतिउत्कृष्ट' करून टाकलं. "अहो, तुम्हाला आवडणारच आहे ना शेवटी," मी समजूत घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्गदर्शकाने कागदांचे फोटो काढून कचेरीला पाठवले आणि बस निघाली.

किल्ला डागडुजीसाठी बंद होता. बाहेर किल्ल्याचं चित्र असलेला एक प्रचंड फलक होता आणि खरा किल्ला त्याच्यामागे झाकला गेला होता. त्यातल्या त्यात फलक चांगल्या अवस्थेत असल्याने आम्ही तोच पाहिला. तोफांचा बुरूज चालत्या बसमधून डाव्या बाजूच्यांना दाखवण्यात आला. उजवीकडच्यांना तो परतताना दिसणार होता, फक्त परतीचा रस्ता दुसरा होता. कड्यावर बारा मिनिटं मिळाली. ती समुद्राकडे पाठ करून फोटो काढण्यात गेली, आणि समुद्राचीही त्याबद्दल काही तक्रार दिसली नाही. मग 'सागरी जीवसृष्टी' या स्थळी आम्ही दीड तास होतो. ते शंखशिंपल्यांचं दुकान होतं. मावशी खाली उतरल्याच नाहीत. "लवकर निघू या ना हो," असं त्यांनी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

दीपगृहाचा फाटा आला तेव्हा साडेचार वाजले होते आणि पाचला फाटक बंद होणार होतं. मार्गदर्शकाने कचेरीला फोन लावला, बराच वेळ "हो सर, हो सर" केलं आणि आमच्याकडे वळला.

"मंडळी, रेकॉर्डप्रमाणे बेचाळीसच्या बेचाळीस जणांचं दीपगृह पाहून झालंय. आता जायचं तर ते पुनर्दर्शन होतं. त्याला वेगळी परवानगी लागते."

मावशी पुढच्या सीटचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. "मी कुठे पाहिलंय? मी तर सकाळपासून तुमच्या गाडीतच बसलेय!"

"मावशी, तुम्ही तर अतिउत्कृष्ट दिलंय," तो त्यांचा कागद पुढे धरून म्हणाला. मला त्याच क्षणी खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल कुतूहल वाटू लागलं.

मार्गदर्शक मात्र लोकशाही मानणारा होता. सगळ्यांची इच्छा असेल तर परवानगीसाठी पुन्हा विचारतो, म्हणाला. "सांगा, कुणाकुणाला पुनर्दर्शन हवंय? नको असेल तर सगळ्यांना तासभर आधी घरी सोडतो." मावशींचा हात लगेच वर गेला. आमच्या हिचाही निम्मा उठला होता, मी तो प्रेमाने खाली घेतला. "अगं, तुझे गुडघे," मी म्हणालो. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण एकेचाळीस जणांत वाटून घेतल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

बस सरळ निघाली. पुढच्या वळणावर समुद्राच्या बाजूला पाच-सहा सेकंद दीपगृह दिसलं, पायथ्याच्या घरासकट. आम्ही खिडकीकडचे सगळे मोबाइल उंचावून उभे राहिलो. मावशी आमच्या मागे होत्या. "जरा सरका हो, जरा सरका," असं त्या म्हणत होत्या, पण एवढ्यात वळण संपलं.

मग त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "तुमच्या फोटोत आलं का हो घर?"

मी फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. दीपगृह सुरेख आलं होतं. मीही हसरा आलो होतो. घर जिथे असायला हवं होतं, तिथे माझं डोकं होतं. मावशींनी फोटो बराच वेळ पाहिला. "तब्येत चांगली दिसतेय तुमची," असं म्हणून त्या जागेवर जाऊन बसल्या.

घरी पोचायच्या आत मी तो फोटो सगळ्यांना पाठवला. खाली 'इतिहासाच्या सान्निध्यात एक अविस्मरणीय दिवस' असंही लिहिलं. दोनशे सदतीस लोकांना तो आवडला. हे सगळं वाचून आता माझा राग आला असेल, तर रास्तच आहे. पण एकदा ती यादी उघडून बघा, तुमचाही अंगठा आहे त्यात.