कडकमामाची बाळोती

आमचे मामेसासरे गल्लीच्या तोंडाशी आले की ते दिसायच्या आधी त्यांचं धोतर ऐकू यायचं. खळ घातलेलं कोरं कापड असं खडखडायचं की ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बाजूला व्हायचं. सगळी अमरावती त्यांना कडकमामा म्हणायची. अंगावर कायम कोरं धोतर. धुऊन, बडवून ते जरा मऊ पडलं, अंगाला सुख द्यायला लागलं, की हा बाबा ते सोडून दुसरं कोरं नेसणार! मांड्या घासून लाल व्हायच्या, पाय फाकवून चालायचे, पण मऊ धोतर काही अंगावर ठेवायचे नाहीत.

लोक म्हणत, तेजीचा पैसा डोक्यात गेला. दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे, आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला आणि स्वतः घोंगडीवर झोपले. शहाणे कुठले! मामा बाजारात कापसाचे पारखी. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूच ओढायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हा अकोटचा. अन् वजनासाठी वरून पानी मारेल हाय." गाडीवाल्याचं तोंड उतरायचं.

मी तेव्हा सोळा वर्षांची. अकोल्याला माहेरी बाळंत झाले आणि तीन महिन्यांचा मुलगा घेऊन सासरी आले. माझा नवरा कापसाचा दलाल, घरात नवा पैसा, त्यामुळे सासूबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. घरातली जुनी लुगडी, जुनी धोतरं सगळी त्यांनी भांडेवालीला देऊन टाकली होती आणि एक पितळी घागर घेतली होती. नातवासाठी म्हणून विलायती कापडाचा तागा आणला. विलायती कापड तेव्हा महाग झालं होतं. म्हणून तर त्यांना तेच हवं होतं.

"दलालाचं पोरगं चिंध्याइत वाढन काय?" त्या म्हणाल्या, आणि त्या पुठ्ठ्यासारख्या कापडाची बाळोती फाडली.

आठ दिवसांत माझ्या लेकराचं ढुंगण सोलवटलं. सासूबाई म्हणत, नीट पुसत नाहीस. मग मी आणखी घासून पुसायची. मग ते आणखी सोलायचं. वर राख टाकली, पिठी लावली, सगळं झालं. जांगेतल्या वळ्यांतून रक्त यायला लागलं, अंगात कणकण भरली, पोर दूध पिईना. गावाच्या वेशीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग, आणि माझ्या लेकराला टिपायला घरात एक मऊ चिंधी नाही! मला इतका संताप आला होता ना! पण बोलते कोणाला? सोळा वर्षांच्या सुनेचा संताप चुलीजवळच विझायचा.

एके दिवशी मामा ओट्यावर बसले होते. आत पोर रडत होतं. मामांनी कान टवकारले.

"बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "हे भुकेचं रडनं नाही. लेकराची आग होऊन राहिली."

सासूबाई म्हणाल्या, "तुले काय समजते रे किसना? बाप्या मानूस तू."

मामा उठले, माझ्या खोलीच्या खिडकीखाली आले आणि खिडकीकडे पाठ करून बसले. मला घामच फुटला! मामेसासऱ्यासमोर उभं राहायचीही चोरी, तिथं हा माणूस खिडकीशी येऊन विचारतो, "सूनबाई, पुसून राहिली का टिपून राहिली?"

मी काय उत्तर देणार, कपाळ!

"बोलू नोको. बांगड्या वाजव. हो असंन तं एकडाव, नाही असंन तं दोनडाव. पुसून राहिली?"

मी एकदा वाजवल्या.

"तेच चुकून राहिलं. पुसाचं नाही वं माय, टिपाचं. आधी कोमट पान्यात कापसाचा बोळा भिजव. वरून पानी सोड. घान आपोआप सुटते. मंग एकेक वळी उघडून टिप. अन् थोडा येळ उघडंच राहू दे, हवा लागू दे. समजलं?"

एकदा.

मग मामा खडखडत घरी गेले आणि एक गाठोडं घेऊन आले. खिडकीतून आत ढकललं. सोडून पाहते तो काय, धोतरं! चौकोनी फाडलेली, उकळून वाळवलेली, हाताला लागतात न लागतात अशी मऊ. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मागाहून कळलं, गल्लीत कोणाकडे पाळणा हलला की मामांचं गाठोडं जायचं. पुरुषांना त्याचा पत्ता नव्हता आणि बायका लाजेकाजेस्तव बोलत नव्हत्या.

"कोरं कापड मोठ्या मानसानं नेसून मऊ करा लागते," पलीकडून आवाज आला. "लेकरानं नाही."

सासूबाई धावत आल्या. "अंगावरून उतरलेली धोतरं? दलालाच्या पोराले? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइचं ढुंगन नाही सोललं, बाई."

मला हसू आवरेना. पदर तोंडात धरून बसले.

मग रोज शाळा. मामांनी काशाच्या ताटात लोणकढं तूप घेतलं आणि ओट्यावर बसून पाण्यानं धुवायला लागले. शंभर वेळा धुतलेलं तूप सोललेल्या कातडीला थंडावा देतं म्हणे. सत्तर-एकाहत्तरवर यायचे, तेवढ्यात कोणीतरी "रामराम मामा" म्हणायचं, आणि मामा त्याला दोन शिव्या घालून पुन्हा एकपासून सुरू करायचे. दोन दिवस लागले त्या तुपाला! पण लोण्याहून मऊ झालं.

एक दिवस खिडकीखालून सूचना आली, "अन् टिपताना पुढून मागं न्याचं हो. मागून पुढं कदीच नाही."

आता याला बांगड्या कशा वाजवायच्या? मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मामाजी, पोरगा हाय ना!"

पलीकडे धोतर एकदा खडखडलं. मग मामा हळूच म्हणाले, "हाव. खरंच की. ते पोरीच्या जातीले जपा लागते." आणि उठून गेले. निरोपही घेतला नाही.

मी सासूबाईंना विचारलं, मामांना हे कसं ठाऊक? त्या म्हणाल्या, "भाकर टाक." झालं.

ताप उतरला. कातडी धरू लागली. पण जांगेतली एक खोल वळी काही भरेना. तिथं हात नेला की पोर किंचाळायचं, मी हात मागं घ्यायची आणि नेमकी ती वळी तशीच ओली राहायची. तेवढ्यानं पुन्हा चिघळेल ही भीती. पाचव्या दिवशी पोराबरोबर मीही रडायला लागले.

खिडकीखाली धोतर खडखडलं. मग आवाज आला. "सूनबाई, एकडाव मी करू काय?"

मी बांगड्या वाजवल्या. एकदा.

मामा आत आले. मी पदर ओढून भिंतीशी सरकले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता कडाडतील असं वाटलं, पण त्यांनी नुसती दाराची चौकट धरली. मामा मांडी घालून बसले. हात धुतले, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केले. एका हाताच्या चिमटीत दोन्ही इवले पाय धरले. बोळ्यातून पाण्याची धार सोडली, वळी उघडली, टिपली, फुंकर घातली, तूप लावलं. कापूस पारखणारी ती बोटं, पोराला कळलंसुद्धा नाही. ते किंचाळायचं सोडून मामांच्या मिशीकडे बघत राहिलं आणि बघता बघता झोपलं.

आणि सासूबाई रडायला लागल्या. माझ्या सासूबाई! नवरा गेला तेव्हाही कोणी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं म्हणतात.

"याची बायको बाळंतपनात गेली वं," त्या मला सांगू लागल्या. "चार महिने पोरीचं सारं यानंच केलं. रातदिवस. लोक हसत होते. मीच म्हटलं, बाप्या मानसानं हगलं-मुतलं काढनं बरं दिसते काय? अन् याच्या हातातून लेकरू उचलून अचलपूरले तिच्या आजीपाशी नेऊन देल्लं. हा गाडीच्या मागं वेशीपावतर धावत आल्ता. आता हा तिथं भेटाले गेला तं ते पोरगी याले 'या, बसा' म्हनते. पाहुन्यावानी." मग त्यांनी मामांचा दंड धरला. आवाज चढला. "किसना, मी चुकली रे! तुयी पोरगी म्याच..."

मामांनी पोराच्या अंगावर बाळोतं सारखं केलं. वर पाहिलंही नाही.

"हळू बोल बाई. लेकरू आताच झोपलं."

सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशाच रडत राहिल्या.