पेवाचं तोंड आणि विहिणीची सुपारी

गोजरबाईच्या घरात मुंगीसुद्धा विचारून चावते, असं गाव म्हणायचं. म्हणजे आधी गोजरबाई म्हणायची, मग गाव मान हलवायचं.

त्या संक्रांतीला तिची एकुलती लेक कोकिळा परभणीहून माहेरी आली, ती रांगत्या लेकाला घेऊन. पोराचं नाव भुजंग. नावाला जागणारं पोर! जमिनीवर सोडलं की सळसळत कुठं जाईल त्याचा नेम नाही. जावई कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, आणि त्याची आई कस्तुराबाई म्हणजे अहलकाराच्याही वरची. तिनं सुनेसोबत निरोपच धाडला होता : तुमचं खेड्यातलं घर, लेकराच्या अंगावर एक ओरखडा जरी दिसला तरी सून पुन्हा माहेरी पाठवणार न्हाई.

निरोप ऐकून गोजरबाईनं कपाळावरचं कुंकू नीट केलं. ती असं करायची तेव्हा घरातली मांजरंसुद्धा बाहेर पडायची.

"माझ्या घरात ओरखडा? तिला म्हणावं, ये अन् भिंग लावून बघ."

तोंडानं असं म्हणाली खरी, पण मनात वेगळंच चाललं होतं. लेकीचं येणं बंद झालं तर संक्रांतीचे तिळगूळ काय आडात टाकायचे?

लगेच बंदोबस्त सुरू झाला. तालुकदार साहेबाचा दौरा आला तरी गावात एवढी धावपळ होत नसे. आडावर गाडीचं जुनं चाक चढलं. चुलीपुढं फळी आली. ओसरीवर खाटा-बाजा आडव्या करून भुजंगासाठी कोंडवाडा झाला. आणि टोचणारं, कापणारं, चिमटणारं जे जे म्हणून होतं, विळी, खुरपी, कात्री, सुया, अडकित्ता, ते सगळं टोपलीत भरून मागच्या अंगणातल्या पेवात! पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठी. पोट रांजणासारखं फुगलेलं, तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच. नवी ज्वारी अजून शेतात होती, पेव रिकामं होतं. सालगडी सटवाजीनं टोपली खाली सोडली आणि कुंथत कुंथत तोंडावर शिळा बसवली.

"आत्याबाई, विळी वर टांगा की," सून बायना हळूच सासूला म्हणाली. "भाजी कशानं चिरू?"

"कशाला चिरतीस? पिठलं कर."

तेव्हापासून घर पिठल्यावर आलं. बायना अंगानं बारीक, गोजरबाई तिला काडी म्हणायची. स्वतः गोजरबाई रोडावण्यासाठी सोमवार, एकादशी, चतुर्थी काही सोडत नसे. पण उपासाची भगर ती तुपात पोहायला सोडायची, त्यामुळे देवाचाही इलाज चालत नव्हता.

आणि एका सकाळी, निरोप ना सांगावा, कस्तुराबाईची दमणी बैलगाडी दारात उभी!

कस्तुराबाईनं आधी नातवाला पाहिलं, मग घर पाहिलं. आडावरचं चाक हलवून पाहिलं. चुलीपुढची फळी पाहिली. बोट ठेवायला जागा मिळेना, तेव्हा नाइलाजानं ओसरीवर बसली. गोजरबाईनं मोठ्या दिमाखानं पानाचा डबा पुढं सरकवला, झाकण उघडलं, आणि तिचा चेहराच उतरला. अडकित्ता पेवात होता!

विहिणीपुढं अख्खी सुपारी ठेवायची म्हणजे तिला चालती हो म्हणायचं. शेजारून अडकित्ता आणावा, तर त्यापेक्षा नाक कापलेलं बरं. आणि नाक कापायलाही घरात काही उरलं नव्हतं.

"आलेच," म्हणून ती मागच्या अंगणात धावली. सटवाजीनं शिळा सरकवली, थोडा वेळ वारा जाऊ दिला, मग कंदील सोडून पाहिला. कंदील विझला नाही, म्हणजे आतली हवा ठीक. दोराला गळ बांधून टोपली ओढता आली असती, पण गळ टोकदार म्हणून तोही टोपलीतच गेला होता.

"मी उतरलो असतो मालकीणबाई," सटवाजी म्हणाला, "पण मला वर कोण ओढायचं? तुमी?"

बायना म्हणाली मी उतरते. गोजरबाईनं तिला चहा टाकायला पिटाळलं. "तू काय उतरतीस काडे? चारठाण्याला माहेरी मी ह्या पेवातून त्या पेवात खारीसारखी हिंडत व्हते."

बगलेत दोर बांधून खार उतरली. पाय गेले, गुडघे गेले, आणि कमरेशी काम थांबलं. ना खाली, ना वर. सटवाजीनं दोर ओढून ओढून घाम काढला, पण बाटलीला बूच बसावं तशी ती बसली होती.

"बायनाला आण जा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अन् विहिणीला कळलं तर तुला ह्याच पेवात पुरीन."

सटवाजी गेला. इकडं ओसरीवर कस्तुराबाईनं कोकिळेला, "लेकरू हाय का वासरू? असं कोंडायलाय कामून?" म्हणत एक बाज बाजूला केली होती. तेवढी फट भुजंगाला पुष्कळ झाली.

गोजरबाईला तो मागच्या दारात दिसला. आजीचं डोकं त्यानं कधी जमिनीच्या इतकं जवळ पाहिलं नव्हतं. खुदकन हसला आणि तुरुतुरु थेट पेवाकडं निघाला. ओरडावं तर विहीण येणार. न ओरडावं तर... तिनं खाली पाहिलं. तिच्या अंगाच्या आणि पेवाच्या कडेच्या मध्ये बोट शिरेल एवढी फट नव्हती. भुजंग आला, तिच्या खांद्यावर चढला, कानातली बुगडी ओढली, नाकावर नख मारलं. तिनं त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आजवर तिनं देवाकडं रोडपण मागितलं होतं. त्या घडीला तिनं देवाचे पाय धरले, मनातल्या मनात, कारण हात रिकामे नव्हते.

"हे काय हो विहीणबाई?" मागच्या दारात कस्तुराबाई उभी होती.

"काही न्हाई," गोजरबाई म्हणाली. "बंदोबस्तावर हाय."

कस्तुराबाईनं नातवाला उचललं, तळपायापासून टाळूपर्यंत पाहिलं. ओरखडा नव्हता. मग तिची नजर पेवाच्या तोंडावर गेली आणि ती मटकन खालीच बसली.

"तुमी मधी नसत्या," ती म्हणाली, "तर माझं लेकरू..." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

पेव उघडंही आपणच ठेवलं होतं, हे सांगायची गोजरबाईला त्या वेळी गरज वाटली नाही.

मग नातू कोकिळेच्या हाती देऊन कस्तुराबाईनं पदर खोचला. एका बगलेत ती, दुसऱ्या बगलेत बायना, दोराला सटवाजी. गोजरबाई निघाली तेव्हा असा आवाज झाला की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. मग बायना सुळकन खाली उतरली आणि अडकित्ता घेऊन वर आली. गोजरबाईनं सुपारी कातरली, पहिलं खांड विहिणीला दिलं आणि दुसरं, घरात पहिल्यांदाच, सुनेच्या हातावर ठेवलं. पुढं तिनं तिला काडी म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधी परभणीहून निरोप आला. सून आणि नातवाला बिनघोर पाठवते. आडावर चाक नसलं तरी चालेल, चुलीपुढं फळी नसली तरी चालेल. फक्त विहीणबाईंना उपास करू देऊ नका.