पहिल्या नंबरचं बिऱ्हाड

"गाढवं!" मार्तंड सबनीसांनी नोटीस टेबलावर आपटली. "आपल्या गॅलरीसमोर आता गाढवं बांधणार!"

शारदाप्रसाद सोसायटीचे सभासद एकजात शहारले. मुलुंड पूर्वेला, सोसायटीच्या कुंपणाला लागून एक मोकळी जागा होती. भटक्या कुटुंबांना कायमचं वसवण्यासाठी सरकारने ती सुचवली होती. नोटिशीत पुढेही बरंच काही होतं, पण सेक्रेटरी सबनीसांनी पहिली ओळ वाचली आणि उरलेली वाचायची गरज कुणालाच वाटली नाही.

त्या जागेवर तेव्हा एकच बिऱ्हाड होतं. गुणाजी घिसाडी, त्याची बायको आणि भाता. सोसायटीतल्या झाडून सगळ्या विळ्यांना गुणाजीकडून धार लागत होती. धार चालत होती, गुणाजी चालत नव्हता.

"जागा आपणच अडवायची," निवृत्त सरकारी अधिकारी असलेले सबनीस जुन्याच थाटात म्हणाले. "सोमवारी अकरा कुटुंबं तिथे बसतील. निर्णय फिरेपर्यंत हलायचं नाही!"

सोमवारी ताडपत्री बांधली गेली. सतरंज्या आल्या, स्टोव्ह आले, घडीच्या खाटा आल्या. शुभाताई सबनीसांनी पातेलंभर पोहे केले. दुपारपर्यंत तिथे इतकी दाटी झाली की गुणाजीच हात जोडत आला.

"सायेब, ठिनगी उडाली तर कुनाचं धोतर पेटंल. आमी कांजूरमार्गाकडं सरकतो."

"बघा!" सबनीस गरजले. "पहिल्याच दिवशी पळाला!" आणि पेढे वाटले गेले.

बुधवारी सकाळी बगलेत फाइल धरून एक किडकिडीत कारकून आला. दशरथ त्याचं नाव. आपल्या हरकती लिहून घ्यायलाच हा आलाय, असं सबनीसांनी परस्पर ठरवून टाकलं.

"इथं राहतं कोण, साहेब?"

"आम्ही! अकरा कुटुंबं!"

"जाणार कधी?"

"मेलो तरी हलणार नाही. लिही तसं!"

दशरथने लिहिलं. "निवारा?"

"डोळे आहेत ना? ताडपत्री."

"धंदा?"

"सध्या एकच. ही जागा राखणं!"

"वाचून सही करा."

"तीस वर्षं फायली वाचल्यात मी. तू मला शिकवणार?" सबनीसांनी फॉर्म ओढून घेतला. "पहिलं नाव माझं."

शेजारचे विद्याधर कर्णिक चष्मा पुसत पुटपुटले, "मार्तंडराव, वर मथळा काहीतरी वेगळाच..."

"सही करा हो, कर्णिक! लाइन लागलीय मागे!"

महिन्याभराने पत्र आलं. प्रस्ताव मंजूर. पाहणीच्या दिवशी जागेवर अकरा भटकी कुटुंबं कायम वस्तीच्या इच्छेने राहताना आढळली, सबब प्रत्येकाला दहा बाय पंधरा फुटांची जागा देण्यात येत आहे. सोबत यादी होती.

"अहो, तुमचा पहिला नंबर आलाय," शुभाताई हसू दाबत म्हणाल्या. "निवारा, ताडपत्री. धंदा, राखण."

सबनीसांनी तातडीची सभा बोलावली. "सगळ्यांनी नावं मागे घ्यायची. लेखी!"

कुणी पेन काढेना.

"मुलुंडात जागा म्हणजे..." कर्णिक घुटमळले. "धाकट्याचं लग्न तोंडावर आलंय हो माझ्या."

"माझं नाव अकरावं कसं, ते सांगा आधी," वरच्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाई फणकारल्या.

"आणि गुणाजी?" शुभाताईंनी विचारलं. "यादीत कुठे आहे तो?"

"पाहणीच्या दिवशी गैरहजर होता ना!" कर्णिक म्हणाले. "त्याला आपण काय करणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सबनीसांना किळस आली. कालपर्यंत तत्त्वासाठी मरायला निघालेली ही माणसं! ते एकटेच तरातरा कचेरीत गेले आणि दशरथसमोर उभे राहिले.

"माझं नाव काट. आत्ता!"

"काटतो की. मग कोपऱ्याची जागा कर्णिक साहेबांना जाईल."

सबनीसांचं पेन माघारीच्या अर्जावर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं. "कोपऱ्याची?"

"दोन्ही बाजूंनी मोकळी."

सबनीसांनी पेनाला टोपण लावलं. खुर्ची ओढली. जरा पुढे झुकून हळूच म्हणाले, "आणि ठेवायचंच झालं तर, दशरथराव?"

"भटके असल्याचा पुरावा जोडावा लागेल."

दुसऱ्या दिवशी शुभाताई चहा घेऊन आल्या, तर नवरा टेबलाशी पाठमोरा बसून भराभरा लिहीत होता.

"काय चाललंय?"

"मिरज, अकोला, नांदेड, धुळे, परत मिरज..." सबनीसांनी पान उलटलं. "तीस वर्षांत नऊ बदल्या, शुभा! एका गावी म्हणून टेकू दिलं नाही गं सरकारनं आपल्याला."