दुंदुभिराज माशीचे वर्णन दफ्तरी चढले त्याची हकीकत

श्रीगजाननाचे मोदकावर जी बसली आणि त्या कृपाळूने सोंडेने जीस हाकलिली नाही, तिजसही नमन करून लिहिणे ऐसे जे, शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध दशमी, ते दिवशी जो प्रकार घडला तो यथास्थित लिहितो. राज्य कोणते हे विचारू नये. आम्हांस मान एकच आहे.

तर त्या राज्यात माशीनविशी म्हणोन एक वतन होते आणि त्यावर गिरमाजीपंत नेमिले होते. राज्यात जितुक्या जातींच्या माशा तितुक्यांचे वर्णन दफ्तरी लिहावे, हे त्यांचे काम. पंतांचे आज्याने घरमाशी लिहिली, तीर्थरूपांनी गोमाशी लिहिली, आणि दोघांसही शालजोडी मिळाली. येथे कोणी शहाणा म्हणेल की घरमाशी तो सर्वांस आधीच ठाऊक होती. त्याने तिचे पाठीवरील केस मोजून दाखवावे, मग तोंड उघडावे! परंतु वतनास एक अट होती. बारा वर्षांत एक तरी नवी माशी न लिहिल्यास वतन जावे, आणि माशीनविसाने हत्तीखान्यात जन्मभर हत्तींच्या माशा वारीत बसावे. पंतांची अकरा वर्षे अकरा मास उलटले, आणि नवी माशी म्हणाल तर नावाला नाही. अन्न गोड लागेना. हत्ती स्वप्नात येऊन कान हलवू लागले.

ऐसे असता एके दिवशी पंतांचे कुटुंब भिवराबाई हातांस तेल लावून फणस चिरीत बसल्या होत्या, आणि गऱ्यावर एक माशी बसली. बाई ओरडल्या, "अहो, लवकर इकडे यावे! ही मेली मागे मागे चालते!" पंत भिंग घेऊन धावले आणि पाहतात तो पोट मोरपंखी, मिशा सोनेरी, आणि तोंड गऱ्याकडेच ठेवून बाईसाहेब उलट पावली चाललेल्या! ऐसी माशी आज्याने पाहिली नव्हती, बापाने पाहिली नव्हती. पंत भर स्वयंपाकघरात फुगडी घालू लागले. मग माशी डबीत धरिली आणि दशमीस, म्हणजे मुदतीचे अखेरचे दिवशी, दरबारी रुजू केली.

महाराज दुंदुभिराज माशी पाहून बहुत संतोष पावले. म्हणाले, "आमचे हुजरे तीस तीस वर्षे चाकरी करून आम्हांस पाठ न दाविता जाऊ लागले की उपरण्यात पाय अडकून पडतात, आणि हिला पाहा!" त्या राज्याची चाल ऐसी, की नाव ठेविल्यावाचून कशाचेही वर्णन लिहू नये. मग महाराजांनी आपलेच नाव तीस दिधले, तोफ उडाली, साखर वाटिली, आणि ज्याचे अंगी महाराजांचे नाव तो समोर असता कोणी बसू नये ही जुनी चाल, म्हणोन अवघा दरबार उभा राहिला. इथवर सर्व ठीक होते. मग पंतांनी टाचणी काढिली. कारण माशी मारून टाचणीस टोचावी, भिंगाखाली केस मोजावे, मग वर्णनावर शिक्का व्हावा, ऐसी दफ्तराची रीत. तो कारभारी हैबतराव गरजले, "हां हां पंत! महाराजांस टोचता?"

पंतांचे हातातील टाचणी गळाली. नाव आधी ठेवोन बसले, आता मारावे कैसे? आणि न मारिल्यास केस मोजावे कैसे? सूर्यास्तास मुदत सरणार, आणि बाहेर हत्ती ओरडत होता. हैबतराव आणखी म्हणाले, "आणि महाराजांस डबीत कोंडिले आहे, ते आधी सोडा." डबी उघडिली, माशी उडाली, आणि पंत भिंग घेऊन तिचे मागे खांबाखांबाशी फिरू लागले. बाराव्या केसापर्यंत येत, आणि माशी उलट पावली सरके, की पुन्हा पहिल्यापासून. ऐसे सात वेळा जाहले. पंतांस रडू कोसळावयाचे तेवढे राहिले.

मग महाराज आमरस जेवोन गादीवर पेंगत असता माशी उडाली ती नेमकी त्यांचे उजवे गालावर बसली. आणि महाराजांनी डोळे न उघडता, फट्! हैबतराव म्हणाले, "महाराज महाराजांचे हस्ते कैलासवासी जाहले." महाराज दचकून म्हणाले, "म्हणजे आमचा गुन्हा?" हैबतराव म्हणाले, "छे छे! आपला हात, आपलाच गाल. घरचा मामला." आणि तात्काळ चंदनाची चिता रचण्याचा हुकूम जाहला.

चिता ऐकोन पंतांनी जो हंबरडा फोडिला! केस मोजल्यावाचून माशी जळणार, आणि उदईकपासोन हत्ती. महाराजांचे डोळे भरून आले. म्हणाले, "पंत, आमचेसाठी इतुके आजवर कोणी रडले नाही. मागाल ते देतो." पंत हुंदके देत म्हणाले, "महाराजांचे अंत्यदर्शन भिंगातून घेऊ द्यावे." आज्ञा जाहली. मग पंत वाकले आणि रडत रडत मोजू लागले, "महाराज गेले हो... एक! आम्हांस टाकून गेले हो... दोन!" दरबारास वाटले की शोक करण्याची ही पंतांचे घराण्याची रीत असावी, म्हणोन तेही छाती पिटीत मोजू लागले, आणि सतरावे केसास हैबतराव सुद्धा ओक्साबोक्शी रडले. वर्णनावर शिक्का जाहला आणि सूर्य मावळला.

पंत नवी शालजोडी पांघरून घरी आले. सकाळपासोन उभे, पाय भरून आलेले. बाईंनी पाट मांडिला, फणसाची भाजी वाढिली, आणि पंत टेकणार तो पानावर तीन माशा उतरल्या आणि उलट पावली चालू लागल्या. बाईंनी फडके उगारिले. पंतांनी हात धरिला आणि म्हणाले, "अहो, महाराज आहेत!" बाई म्हणाल्या, "हे तिघे काय घेऊन बसलात? परसात फणसाखाली पाचशे महाराज आहेत." पंत मटकन बसणार होते, परंतु बसता येईना. मग बाई ताट त्यांचे हाती देऊन म्हणाल्या, "बारा वर्षे डोळे फोडून एक शोध लाविलात. आता बसून जेवायचे कसे, तेवढा दुसरा लावा."

सारांश, वतन राहिले, माशी दफ्तरी चढली, आणि फणसाचे दिवसांत त्या राज्याची रयत उभ्याने जेवू लागली. बसोन जेवण्याचा आणि माशी मारण्याचा अधिकार एकट्या महाराजांचा, तोही स्वतःचे गालावर, आणि तो गाल आषाढापर्यंत लाल असे. लिहावयाचे आणखी पुष्कळ होते, परंतु कागदाचे कडेने एक जण उलट पावली येत आहेत, आणि आम्हांस उभे राहणे प्राप्त आहे.