फरकोटाच्या दुकानातली रशियन

विष्णू केळसकरांनी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने फार थोडे निर्णय घेतले, आणि जे घेतले ते दुबईतल्या अल मनखूल भागातल्या त्यांच्या इमारतीत वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहेत. ताजा निर्णय तसा साधाच होता. मुलीला रशियन शिकवायला बाई लावायची नाही.

मुलगी मिहिका. जन्म दुबईचा, बारावी दुबईची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिला विमानांची इंजिनं शिकायची होती, तीही रशियातल्या एका विद्यापीठात, रशियन भाषेतून. विद्यापीठाने कळवलं होतं की दोन महिन्यांनी ऑनलाइन मुलाखत होईल, रशियनमधून. जमली तर थेट पहिल्या वर्षाला. नाही जमली तर आधी तिथे वर्षभर नुसती भाषा शिकायची.

वर्ष वाया जाणं हे विष्णूंच्या मते माणसावर येणारं सगळ्यात मोठं संकट. (स्वतःची दोन घालवली असल्यामुळे त्यांना यातलं कळत होतं.)

"दुबई मरीना भागात एक रशियन बाई शिकवतात," त्यांची बायको सुजाता म्हणाली. "तासाला दोनशे दिरहॅम."

"म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये. अगं, भाषा अशी क्लास लावून येत नाही. माणसांत सोडून द्यावं लागतं. त्याला इमर्शन म्हणतात. विद्यापीठाच्याच ईमेलमध्ये आहे."

ईमेलमध्ये असं होतं की रशियाला आल्यावर विद्यार्थ्यांना इमर्शनचा लाभ होईल. त्यातला 'आल्यावर' विष्णूंच्या नजरेतून सुटला. (ते एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं तपासण्याच्या नोकरीवर आहेत, म्हणून इथे जास्त बोलत नाही.)

"आणि दुबईत रशियन माणसं कुठून आणणार?"

"देराला," विष्णू म्हणाले. "अक्रमभाईकडे."

अक्रमभाईचं देराच्या जुन्या बाजारात फरकोटांचं दुकान आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत लांडगा, कोल्हा आणि मिंक हँगरला टांगलेले. गिऱ्हाईक सगळं रशियन टूरिस्ट. अक्रमभाई शाळेत किती गेला ते त्यालाही आठवत नाही, पण रशियन अशी बोलतो की मॉस्कोची बाई पर्स उघडूनच ऐकते. त्याचा एक कंटेनर मागे खोर फक्कान बंदरात अडकला होता, तो विष्णूंनी सोडवून दिला होता.

"बच्ची को भेज दो, विष्णूभाई," अक्रम म्हणाला. "दो महिने में ऐसा बोलेगी, रूसवाले पूछेंगे कौनसे गाँव की है."

"बाबा, आर यू सीरियस?" मिहिका म्हणाली. "फर? इन जुलै?"

सुजाताने एकच अट घातली. पोरीला दुकानात एकटं सोडायचं नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी पाचला ऑफिसमधून सुटून विष्णूही इमर्शनला बसू लागले.

दुकानात पुतळा एकच होता आणि तोही बाईचा. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्याला कोट घालून बघायचा कंटाळा आला. अक्रमने दुकानात नजर फिरवली. ती विष्णूंच्या पोटावर थांबली.

"विष्णूभाई, ज़रा खड़े हो जाओ."

त्यानंतर विष्णू बसलेच नाहीत. अंगावर आठ किलोचा लांडगा, हात आडवे, आणि समोरून अक्रमचं, "घूमो. धीरे. अस्तर दिखना चाहिए." बायका येऊन त्यांच्या पोटावरची फर उलट्या हाताने कुरवाळत. (लग्नाला बावीस वर्षं झाली, पण इतक्या आस्थेने घरी कुणी कुरवाळलं नव्हतं.) नुसता उभा माणूस बरा दिसत नाही म्हणून अक्रमने त्यांना एक रशियन वाक्यही पाठ करून दिलं. 'यापेक्षा मोठा साइझही आहे.' तेवढं मात्र विष्णू झकास म्हणत.

मिहिका भराभर शिकली. महिन्याभरात ती गिऱ्हाईक दारातून आत ओढू लागली. दीड महिन्यात अक्रम गल्ल्यावर बसून नुसता चहा पिऊ लागला. दुकानात एकच नियम होता. गिऱ्हाईक 'पदूमायेम' म्हणालं, म्हणजे 'विचार करून सांगतो' म्हणालं, की त्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही. गेलं की गेलं, खलास. मिहिकाच्या हातून एकही सुटलं नाही.

घरी व्हिडिओ कॉलवर सुजाताच्या बहिणीने हट्ट केला, "आम्हाला पण ऐकव ना गं काहीतरी." मिहिका छातीवर हात ठेवून अर्धा मिनिट बोलली. मावशीचे डोळे भरून आले.

"काय म्हणाली हो?" सुजाताने विचारलं.

"भावना आहेत," विष्णू म्हणाले. "त्याचं भाषांतर होत नाही."

आता या घरात रशियन तपासून बघणारं कुणी नव्हतं. विष्णूंनी दुकानाबाहेरची रशियन ऐकली नव्हती, त्यामुळे दुकानाबाहेर वेगळी रशियन असते हे त्यांना सुचण्याचं कारण नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी विष्णूंनी टाय बांधला. (कॅमेऱ्यात ते दिसणार नव्हते.) लॅपटॉपवर तीन प्राध्यापक आले. दोन बाजूंना दोन किडकिडीत पुरुष आणि मध्ये विभागप्रमुख बाई, एकट्याच दोघांएवढ्या.

बाईंनी विचारलं, आमचंच विद्यापीठ का?

मिहिका हसून सुरू झाली आणि विष्णूंची छाती फुगली. प्रत्येक वाक्य ओळखीचं होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते कशामुळे ओळखीचं आहे. 'सगळीकडे फिरून या, असं कुठे मिळणार नाही. शेजारच्या गल्लीत सगळा नकली माल.'

बाईंच्या भुवया वर गेल्या. डावीकडचे प्राध्यापक पाणी पीत होते ते थांबले.

गणिताची तयारी कितपत आहे?

'हात लावून बघा, ताई,' मिहिका छातीवर हात ठेवून म्हणाली. 'जन्मभर केस गळणार नाहीत.'

"ही मावशीला म्हणाली तेच ना हो?" सुजाता दारातून कुजबुजली. विष्णूंनी टायची गाठ सैल केली.

उजवीकडचे प्राध्यापक टेबलाखाली काहीतरी शोधू लागले आणि त्यांचे खांदे हलू लागले. बाईंनी कागद गोळा केले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पदूमायेम."

विष्णूंनी डोळे मिटले. पुढचं त्यांना ठाऊक होतं.

'कुठे चाललात? बसा,' मिहिका खुर्चीतून अर्धी उठली. 'चहा घ्या. तुम्ही बोला, तुमचा भाव काय?'

 मग बाई पहिल्यांदाच हसल्या आणि पुढे सरकून म्हणाल्या, 'बारा महिने भाषा.'

'बारा म्हणजे चेष्टा झाली, ताई. शून्य.'

'दहा.'

'घरी लहान भाऊ आहेत माझे. एक महिना.' (मिहिका एकुलती एक आहे.)

दोन्ही बाजूंचे प्राध्यापक आता आपापल्या बाजूने ओरडून आकडे सुचवत होते. विष्णूंना आकडे पाठ होते, त्यामुळे सगळा सौदा कळत होता. शेवटी चारवर जमलं. थेट पहिलं वर्ष, आणि सोबत चार महिने संध्याकाळी भाषेचा वर्ग. बाईंनी पेन उचलून लिहूनही घेतलं. मग कौतुकाने विचारलं, हे सगळं तुला शिकवलं कुणी?

"माय डॅड," मिहिका म्हणाली आणि तिने लॅपटॉप विष्णूंकडे वळवला.

बाई विष्णूंशी बराच वेळ अदबीने बोलल्या. त्यात सौदा नसल्यामुळे विष्णूंना एक अक्षर कळलं नाही. पण समोर एवढी मोठी विदुषी, गप्प बसणं बरं दिसेना. ते उठले, हात किंचित आडवे केले, बाईंकडे वरपासून खालपर्यंत आदराने पाहिलं आणि एकही चूक न करता म्हणाले, 'यापेक्षा मोठा साइझही आहे.'

किडकिडीत प्राध्यापकांपैकी एकजण कॅमेऱ्याबाहेर गेला. बाईंनी चष्मा घातला, मघाचा कागद पुढे ओढला आणि काहीतरी खोडलं.

"बाबा," मिहिका म्हणाली, "व्हाय."

तिसऱ्या दिवशी ईमेल आला. प्रवेश मंजूर. भाषेचा वर्ग, आठ महिने. खाली एक टीप होती, विद्यार्थिनीला सोडण्यासाठी पालकाने येऊ नये.

"हे सगळ्यांनाच असतं गं," विष्णू म्हणाले. "युनिव्हर्सिटीचा जनरल रूल असणार."

सुजाताने चष्मा पुसून टीप पुन्हा वाचली.

"अहो, यात तुमचं नाव लिहिलंय."